हसल्यास पन्नास

पहिला दंड मी भरला तो गणपतीच्या आधीच्या एका रविवारी दुपारी. रक्कम पन्नास रुपये. हजर माणसं तीन: खुर्चीत मी, माझ्या डोक्यामागे ब्रश घेतलेल्या ताई, आणि गॅलरीत पेपरामागे ताईंचे मिस्टर. कारण: हसणे.

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडच्या एका गल्लीत आमची बिल्डिंग आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर ताई घरातच पार्लर चालवायच्या. पार्लर म्हणजे अर्धा हॉल. एक मोठा आरसा, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागे कलणारी एक जुनी खुर्ची. या खुर्चीचा खटका सैल होता. आपण बसलो की ती क्षणभर विचार करायची आणि मग आपल्याला एकदम उताणं पाडायची. पाय वर, नजर छताला. नवीन गिऱ्हाईक किंचाळायचं. ताई म्हणायच्या, "आता कशी माणसात आलात!"

त्यांची ओळख व्हायची ती चिमट्याने. कुठेही भेटल्या तरी आपला हात हातात घ्यायच्या, हाताच्या पाठीवरची कातडी दोन बोटांत उचलायच्या, सोडून द्यायच्या आणि ती जागेवर कशी परत जाते ते बघत राहायच्या. "आळस करतेय," असा निकाल द्यायच्या. "रविवारी या." जिन्यात, वाण्याच्या दुकानात, सोसायटीच्या सभेत, कुठेही. एकदा बँकेत त्यांनी काउंटरच्या फटीतून कॅशियरचा हात धरलेला मी स्वतः पाहिलाय. त्या माणसाला वाटलं नोटा कमी आल्या. पुढच्या रविवारी तो तिसऱ्या मजल्यावर उताणा पडलेला होता.

मी सोसायटीचा खजिनदार. ठाण्याला एका कंपनीत हिशेब बघतो. ताई मला नावाने हाक मारत नसत. "काय खजिनदार, नाकावर केवढी काळी शिल्लक!" असं त्या भर जिन्यात म्हणाल्या आणि माझी बायको इतकी हसली की मला जाणं भाग पडलं.

ताईंची खासियत एकच, जिलेटिनचा मास्क. चमचाभर जिलेटिनची पावडर थंड दुधात भिजवायची. ती फुगून साबुदाण्यासारखी झाली की भांडं गरम पाण्यात धरून विरघळवायची. उकळू द्यायची नाही, उकळलं की चिकटपणा जातो. चिमूटभर हळद, थोडं गुलाबपाणी. बोटाला सोसेल इतकं निवलं की ब्रशने तोंडावर दोन थर. वीस मिनिटांत तोंडावर पातळ, ताठ, चकचकीत साल तयार. मग हनुवटीपासून वर ती साल ओढून काढायची. तिच्याबरोबर मेलेली कातडी येते, नाकावरचे काळे ठिपके येतात आणि बारीक लव येते. डोळ्यांत पाणीही येतं, ते मोफत.

साल शक्यतो अखंड निघाली पाहिजे यावर ताईंचा कटाक्ष. निघाली की खिडकीच्या उजेडात धरायच्या. त्यात आपल्या नाकाचा उंचवटा, गालाचा खळगा सगळं दिसायचं, आणि त्यावर उभी राहिलेली लव. "हे घ्या तुमचं कालचं तोंड," म्हणायच्या. काही बायका ते घरी नेऊन नवऱ्याला दाखवायच्या.

तोंडावर पुळ्या असलेल्या मुली आल्या तर त्यांना मात्र दारातूनच परत पाठवायच्या. "ओढताना फोड फुटेल, डाग राहील. आधी डॉक्टर, मग मी." गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण यात तडजोड नाही.

आता दंडाचं. मास्क सुकताना हसलं किंवा बोललं की गालावर तडा जातो आणि साल तुकड्यांत निघते. म्हणून ताईंनी आरशावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावलेली: हसल्यास पन्नास. पैसे काचेच्या बरणीत जायचे आणि बरणीतून बिल्डिंगच्या कोजागिरीचं मसाला दूध व्हायचं. त्यामुळे कोणाची तक्रार नसे. पंच होते ताईंचे मिस्टर. ते मानपाड्याच्या पुढे एका रंगाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला आणि ते गॅलरीतल्या खुर्चीत पेपर घेऊन बसले ते बसलेच. घर ताईंच्या ब्रशवर चालायचं. मिस्टर दिवसात मोजकं बोलायचे, पण आत कोणी हुं जरी केलं तरी पेपरामागून आवाज यायचा, "पन्नास!"

हे सगळं ठीक होतं. अडचण अशी की बिल्डिंगमधली सर्वांत विनोदी बाई ताईच होत्या. "हसायचं नाही हं," असं बजावायच्या आणि मग सुरू व्हायच्या. त्यातही मेख होती. समोरच्याला बोलता येत नाही, उठता येत नाही, अशा वीस मिनिटांत त्या त्याला खरं सांगून टाकायच्या. सुनेला सासूचं, सासूला सुनेचं. एरवी जे ऐकताच भांडण झालं असतं ते माणूस छताकडे बघत ऐकून घ्यायचा. वीस मिनिटांनी साल निघायची तोवर रागही सुकलेला असायचा.

माझ्या पहिल्या खेपेला मी ओठ मिटून पडलो होतो. ताई कानाशी वाकल्या. "खजिनदार, तुमच्या मिसेस भाजीच्या हिशेबात रोज थोडे थोडे चढवून सांगतात. तुम्ही बेरीज तपासता, भाव कधी तपासत नाही. मंडईत मी शेजारी उभी असते ना!"

मी सोसायटीच्या वीजबिलातला रुपयाचा फरक शोधून काढणारा माणूस. माझ्या डाव्या गालाला आधी तडा गेला.

"पन्नास!"

त्या दिवसापासून मी घरी भाजीचा हिशेब विचारत नाही. बायकोला वाटतं माझ्यात सुधारणा झाली.

जिलेटिन आणायला एकदा त्यांनी मलाच पाठवलं. "कल्याणला जाताय ना? येताना जिलेटिन आणा, पाव किलो." पाव किलोचा मी नीट विचार करायला हवा होता. पण आपल्याकडे शाळेपासून जिलेटिन म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते. मी स्टेशनरीच्या दुकानात जाऊन लाल, हिरवे, पिवळे, जांभळे जिलेटिन पेपर वजन करून मागितले. दुकानदार बघतच राहिला. पिशवी उघडून ताई खाली बसल्या. "अहो खजिनदार, मी बायकांची तोंडं करते, मखर नाही!" ते कागद त्यांनी टाकले मात्र नाहीत. लाल कागद ट्यूबलाइटवर चढवला. त्या उजेडात सगळ्यांचेच गाल लाल दिसायचे. गिऱ्हाइकं दोन आठवडे फार खूश होती.

मिस्टर त्या दिवशी पेपर खाली करून म्हणाले होते, "आमच्याकडे गावी जिलेटिनच्या कांड्या लावून विहीर पाडतात. ही नाकावर लावते." एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

अजून एक दुपार सांगतो. ताई खाली गवती चहा तोडायला गेल्या होत्या, मिस्टरांना पेंग आलेली. गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात. आत तीन बायका, तिघींची तोंडं चकचकीत आणि ताठ, तिघींचे डोळे त्याच्यावर, एकही बोलेना. "कोणी आहे का घरात?" त्याने त्या तिघींनाच विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मधलीने फक्त बोटाने स्वयंपाकघर दाखवलं. सिलिंडर ठेवून तो जो गेला तो पुढे कधी उंबरठा ओलांडून आत आला नाही. तो गेल्यावर तिघी एकदम फुटल्या, मिस्टर दचकून जागे झाले आणि दीडशे एका दमात जमा झाले.

पण एका श्रावणात हे सगळं बंद पडायची वेळ आली.

दुसऱ्या मजल्यावर कुलकर्णीकाकू राहतात. चातुर्मास कडक. कांदा-लसूण बंद, वांगं बंद, बाहेरचं पाणीसुद्धा विचारून. भजनी मंडळ त्यांचं, भिशी त्यांची. त्या ज्या दारात जातात तिथे बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका जातात. ताईंच्या मास्कच्या त्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. ताईंनी त्यांना पहिल्या दिवसापासून सांगितलेलं, "काकू, याच्यात कोलॅजेन असतं. कातडीच्या आत जातं आणि आतून घट्ट करतं." भिंतीवर पुठ्ठ्याची पाटीच होती: कोलॅजेन फेशियल, त्वचेच्या आत खोलवर.

ताई जिलेटिन कल्याणच्या एका आइस्क्रीम-बेकरीच्या मालाच्या दुकानातून सुटं आणायच्या. त्या खेपेला दुकानदाराने सुटं संपलं म्हणून बंद पाकीट दिलं. ते पाकीट आरशासमोर पडलेलं. मी मेंटेनन्सची पावती द्यायला दारात उभा. खुर्चीत काकू, मास्क अर्धा सुकलेला. काकूंनी सहज डोळे तिरके केले आणि त्यांना पाकिटावरची तपकिरी चौकटीतली खूण दिसली. मांसाहारी पदार्थावर असते ती.

काकूंचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात उचलला, बोट पाकिटाकडे.

"पाणी हवंय?" ताई म्हणाल्या. "आत्ता नाही काकू, तडा जाईल."

काकूंनी मान हलवली. पुन्हा बोट.

"पंखा वाढवू? हं, वाढवते."

मला खूण दिसली होती. मी मान फिरवून पावतीपुस्तकात डोकं घातलं. काकूंनी दोन्ही हातांनी हवेत शिंगं काढून दाखवली.

"गाय? दूध? हो हो, दूध गाईचंच आहे, तुम्हाला चालतं ते."

तेवढ्यात काकूंचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत उभा फुटला. "अगं, हे काय आहे? माझ्या तोंडावर काय फासलंयस तू, श्रावणात?"

"पन्नास!" गॅलरीतून आवाज आला.

कोणी हसलं नाही. काकूंनी फोन काढला, ठाण्याच्या भाच्याला विचारलं, आणि त्याने काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं की जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून करतात. काकू तुटक्या तुकड्यांसकट उठल्या. दारात मला बाजूला सारून म्हणाल्या, "इतकी वर्षं! आणि आत जातं म्हणे, आत!" अर्धी हनुवटी त्यांनी जिन्यात सोलली.

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावर चप्पल दिसेना. मंगळागौरीचे दिवस, एरवी जिन्यात रांग असायची. माझी बायको गेली, पण माझ्या बायकोने एकटीने किती वेळा तोंड सोलून घ्यायचं? काकूंनी कोणाला जाऊ नका असं सांगितलं नव्हतं. त्या फक्त भजनात जास्त मोठ्याने म्हणत होत्या.

मी वर गेलो तेव्हा ताई आरशासमोर बसलेल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"माहीत नव्हतं असं नाही हो," त्या म्हणाल्या. "विचारलं नव्हतं. कोमट करताना वास यायचा. म्हणून तर गुलाबपाणी घालायची."

मग त्यांनी दुसरा माल शोधायला सुरुवात केली आणि प्रयोगाला तोंड माझं. चायना ग्रास लावलं. ते समुद्री शेवाळाचं, अगदी शाकाहारी. वीस मिनिटांनी ओढायला गेल्या तर खरवसासारख्या वड्या माझ्या मांडीवर पडल्या. डिंक लावला, तो सुकून असा बसला की मला ऑफिसला हाफ डे टाकावा लागला. जवसाचा चिकट रस लावला, तो मानेवरून बनियनमध्ये गेला. ताई म्हणाल्या, "मऊ झाली हो कातडी." मी म्हटलं, "छातीची." गॅलरीतून कोणी पन्नास म्हटलं नाही. तेव्हा मला परिस्थितीचा अंदाज आला. घरात त्या आठवड्यात गिऱ्हाइकाचा पैसा आलेला नव्हता.

त्या रात्री मी वाचत बसलो. एक गोष्ट मला सगळीकडे सारखीच सापडली. जिलेटिनचे कण मोठे असतात. अखंड कातडीतून ते आत शिरत नाहीत. वर बसतात, वरचं पकडतात आणि त्याच्यासकट निघून येतात. सकाळी दूध घ्यायला जाताना मी ताईंच्या दारात थांबून त्यांना हे सांगितलं. "आत जात नसेल तर काकूंच्या पोटातही गेलं नाही आणि अंगातही नाही. चातुर्मास शाबूत!"

ताईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. त्यांनी भिंतीकडे बघितलं. त्वचेच्या आत खोलवर.

तुमच्या लक्षात आलं असेल. आत जातं म्हटलं तर काकूंचं व्रत मोडलं. आत जात नाही म्हटलं तर ताई इतकी वर्षं थाप मारत आल्या. एकतर माणूस जाणार नाहीतर शब्द.

"गप्प बसले तर?" त्या म्हणाल्या.

"तर दोन्ही जाईल," मी म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर काकूंकडे भजन होतं. संपता संपता ताई तिथे गेल्या. हातात ती पुठ्ठ्याची पाटी. मी जिन्यात, माझी बायको आत, मिस्टर चक्क गॅलरी सोडून माझ्या शेजारी उभे.

ताईंनी पाटी काकूंच्या पायांशी ठेवली. "काकू, हे आत जात नाही. कधीच गेलं नाही. वर बसतं आणि वरचं घेऊन येतं. आत जातं ही माझी थाप होती. पार्लरवाल्या सगळ्याच मारतात म्हणून मीही मारली. हाडांचं आहे हे मी विचारून घ्यायला हवं होतं, ते घेतलं नाही. तुमच्या अंगात काही गेलेलं नाही. एवढंच सांगायला आले."

टाळ खाली ठेवल्याचा आवाज झाला. काकू बराच वेळ पाटी वाचत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या गालांना हात लावला.

"मग हे गाल घट्ट कशाने झाले?" त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "माझी धाकटी बहीण माझ्याहून मोठी दिसते!"

ताई म्हणाल्या, "हसू दाबल्याने, काकू. दर रविवारी वीस वीस मिनिटं. मी काय कमी हसवलंय तुम्हाला? तो व्यायाम."

काकूंनी ओठ घट्ट मिटले. नाकपुड्या थरथरल्या. सगळं भजनी मंडळ त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. आणि मग त्या फुटल्या, पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

माझ्या शेजारून, घसा साफ करून, हलक्या आवाजात आलं, "पन्नास."

"मास्क कुठाय मेल्यांनो!" काकू ओरडल्या. पण दिले.

चातुर्मासभर काकू चायना ग्रासवर राहिल्या. वड्या मांडीवर पडायच्या, त्या तक्रार करायच्या नाहीत. भिंतीवर नवी पाटी आली: जिलेटिन मास्क, हाडांचा असतो, आत जात नाही. एवढी खरी पाटी मी डोंबिवलीत दुसरी पाहिलेली नाही. धंदा कमी व्हायच्या ऐवजी कल्याणहून बायका पाटीचा फोटो काढायला येऊ लागल्या आणि सोलून जाऊ लागल्या.

तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी काकू वर हजर. दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "जिलेटिनच लाव. आणि वरच्या ओठावर जरा दोन हात जास्त." तेव्हा ताईंना कळलं की गाल वगैरे ठीक, काकूंचा खरा जीव मिशीत अडकलेला होता. चायना ग्रास ती काढत नव्हतं. हे ताईंनी कोणालाही सांगितलं नाही. मला सांगितलं, पण मास्क लावून, म्हणजे मला विचारता येऊ नये. मलाही त्याचे पन्नास पडले.

मागच्या वर्षी ताई आजारी पडल्या. कल्याणच्या हॉस्पिटलात मी आणि बायको भेटायला गेलो. माझा हात धरायला त्यांनी हात उचलला, पण तेवढी ताकद नव्हती. मग स्वतःच्याच हाताची कातडी चिमटीत उचलली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली, लहान तंबूसारखी.

"बघा खजिनदार," त्या म्हणाल्या, "परत जायचं विसरली." माझ्या तोंडाकडे बघून त्यांनीच पुढे म्हटलं, "असं तोंड करू नका. मास्क नाही लावलाय."

आठवडाभरात त्या गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावर बसायला गेलो. हॉल भरलेला. आरसा चादरीने झाकलेला. सगळ्यांची तोंडं ताठ, ओठ मिटलेले, नजरा समोर. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हाला वाटलं असतं ताईंनी आत्ताच सगळ्यांना मास्क लावलाय आणि दूध गरम करायला आत गेल्यात. मिस्टर गॅलरीत, पेपरामागे. पेपर हलत नव्हता.

काकू उशिरा आल्या. जिन्याने धाप लागलेली, बसायला जागा नाही. कोणी न बसलेली ती एकच खुर्ची होती. काकूंच्या लक्षात येण्याआधीच त्या टेकल्या. खुर्चीने क्षणभर विचार केला आणि काकूंना एकदम उताणं पाडलं. पाय वर, नजर छताला. कोणी पुढे झालं नाही. आणि काकूंनी, इतक्या वर्षांच्या सवयीने, ओठ घट्ट मिटून घेतले, गाल ताठ केले आणि तशाच पडून राहिल्या. वाट बघत.

मी खूप प्रयत्न केला. डावा गाल आधी गेला.

काकूंनी ओठ न हलवता विचारलं, "कोण हसलं?"

गॅलरीत पेपर जरासा खाली आला. मिस्टरांचे डोळे लाल होते.

"पन्नास."

मी उठलो. रोख पन्नास रुपये, ताईंच्या मिस्टरांच्या हातात दिले.